झुआरीच्या दोन काठांचा कौल

फोंड्याहून मडगावला जाताना बोरीचा पूल लागतो. खाली झुआरीचं रुंद पात्र, मागे फोंडा तालुका, समोर सासष्टीतलं लोटली. १६ जानेवारी १९६७ला गोव्याने महाराष्ट्रात जावं की केंद्रशासित राहावं, यावर कौल घेतला गेला. पेडणे, डिचोली, सत्तरी आणि फोंडा विलीनीकरणाच्या 'फुला'कडे झुकले. सासष्टीने केंद्रशासित राहण्याच्या 'दोन पानां'वर भरभरून शिक्के मारले.

ही फाळणी फार जुनी. सकाळीच मंगेशीला जाऊन आलो होतो. हा देव मूळचा कुठ्ठाळीचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडू लागले, तेव्हा भक्तांनी तो नदीपार, फोंड्यातल्या प्रियोळला आणला. कवळ्याची शांतादुर्गाही अशीच केळशीहून आली. तिसवाडी, बारदेस, सासष्टी या जुन्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेला मुलूख. फोंडा पोर्तुगिजांच्या हाती गेला तो अठराव्या शतकात. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. म्हणून इकडे देवळं, कीर्तनं, मराठी शाळा टिकल्या. भाटकाराच्या जमिनीत राबणाऱ्या बहुजनाला महाराष्ट्राचा कुळकायदा आपला वाटला, यात नवल नाही. पलीकडे सासष्टीतल्या रेंदेराला महाराष्ट्राची दारूबंदी दिसत होती. माडाची सूर काढून पोट भरणाऱ्याला तिची धास्ती वाटणारच.

पण सगळा हिशेब धर्माचा मांडला, तर उत्तर चुकतं. गोव्यात हिंदू बहुसंख्य होते, तरी विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मतं पडली. ३४,०२१ मतांचा हा फरक हिंदूंच्या साथीशिवाय पडणं अशक्य होतं. मडगावात उतरल्यावर मला सर्वांत जास्त आठवलं ते 'राष्ट्रमत'. विलीनीकरणाविरुद्धची झुंज या दैनिकाने मराठीतून लढवली. उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर त्यातच येत असे. मराठी वाचणारा, मराठीवर प्रेम करणारा गोवेकरही स्वतंत्र राहू इच्छित होता. महाराष्ट्रात आजही काही जण या कौलाकडे मराठीचा पराभव म्हणून पाहतात. माझ्या मते तो गोवेकरांवर अन्याय आहे.

त्याच वर्षी मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. विलीनीकरण नाकारलेल्या याच गोव्याने विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला पुन्हा निवडून दिलं, आणि त्या पक्षाचे नेते भाऊसाहेब बांदोडकर १९७३मध्ये निधन होईपर्यंत मुख्यमंत्री राहिले.