आधार कार्ड वाचतानाचे दोन सेकंद

प्रवासाहून आलो की मित्र विचारतात, हॉटेल कसं होतं? नाश्ता, गादी, वायफाय? माझी फूटपट्टी वेगळी आहे. काउंटरवरचा माणूस आधार कार्डावरचं माझं नाव वाचून मान वर करतो, त्या 2 सेकंदांत माझं मत ठरतं.

विमानतळावरच्या लाउंजमध्ये ही धास्ती नसते. तिथे कार्ड चालतं की नाही, एवढंच बघतात. क्वालालंपूरच्या हॉटेलात तर छतावर किब्ल्याचा बाण चिकटवलेला होता. काही विचारावंच लागलं नाही.

आपल्याकडच्या एका शहरात फोनवर 'खोली आहे' म्हणाले, कार्ड बघितल्यावर 'फुल्ल आहे साहेब'. मुलगा म्हणाला, "अब्बा, आत्ता तर होती ना?"

सगळ्यात जास्त गुण मात्र पंढरपूरच्या रस्त्यावरच्या एका साध्या लॉजला. रमजान होता. मालकाच्या गळ्यात तुळशीमाळ. नाव वाचून म्हणाला, "सहरीला किती वाजता उठवू? चहा ठेवतो." पहाटे 4 ला दार वाजलं. टॉवेल विरलेला होता, गरम पाणी नव्हतं. तरीही पाच तारे.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी अजून दिलेलं नाही.