वजन कमी करण्यापूर्वी



माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. बी.एस्सी.ला फ्लायव्हीलला आम्ही ‘गतिपालक चक्र’ म्हणत असू. हा शब्द मला आजही आवडतो, कारण त्या चाकाचे काम त्याच्या नावातच आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच जोर लावतो. त्यामुळे वेगात होणारे चढउतार हे जड चाक आपल्यात साठवलेल्या ऊर्जेने सांभाळते.

गेल्या महिन्यात आपला एक माजी विद्यार्थी भेटायला आला. वडिलांच्या जुन्या गाडीला हलके फ्लायव्हील बसवायचे, असे त्याच्या मनात होते. वडिलांचा व्यवसाय त्याच गाडीवर चालतो. आईचा आदल्या दिवशीच फोन आला होता, "मॅडम, तुमचं तो ऐकेल. त्याला नाही म्हणून सांगा."

मी नाही म्हटले नाही. कागद-पेन्सिल पुढे ठेवली.

समजा, 14 सें.मी. त्रिज्येच्या चकतीसारखे 8 किलोचे चाक आहे. त्याऐवजी 4 किलोचे बसवले. पहिल्या गिअरमध्ये चाकांच्या एका फेरीला इंजिनाच्या 14 फेऱ्या आणि टायरची त्रिज्या 28 सें.मी. धरली, तर वेग घेताना गाडी सुमारे 98 किलोने हलकी झाल्यासारखी वाटेल. त्याचा चेहरा खुलला. मग वरच्या गिअरचे गणित केले. तिथे 14 ऐवजी 3.4 फेऱ्या. फायदा उरला जेमतेम 6 किलोचा! कारण इथे गिअरच्या प्रमाणाचा वर्ग येतो.

इंजिनाची ताकद मात्र तसूभरही वाढत नाही. ते लवकर चढते, तसेच लवकर उतरतेही. शर्यतीच्या गाडीत, जिथे गिअर सतत बदलावे लागतात, तिथे हा गुणच आहे. पण इंदूरच्या गर्दीत, सिग्नलवर किंवा चढावर क्लच सोडताना गाडी बंद पडण्याची शक्यता वाढते. उभ्या गाडीचे इंजिन थरथरते, गिअरबॉक्स खडखडतो. आणि खर्च वाचवायला जुनेच बिडाचे चाक लेथवर वाटेल तसे कातले, तर जास्त वेगात ते फुटून जीवावर बेतू शकते.

"मग मॅडम, बाबांच्या गाडीला नको," तो स्वतःच म्हणाला. "पुढे कधी शर्यतीची गाडी केली, तर बघू."

पालकांना मला एवढेच सांगायचे आहे. या वयाच्या मुलांना आपण ‘नाही’ म्हटले, की ते आपल्याशी वाद घालतात. गणिताशी वाद घालता येत नाही. मुले प्रश्न घेऊन आली, तर उत्तराची घाई करू नका. त्यांच्या शेजारी बसून हिशेब करा. आपले विषय येत नसला तरी चालेल, बसणे महत्त्वाचे.

आणि मुलांनो, घरात असो वा यंत्रात, एखादी गोष्ट तुम्हाला नुसते ओझे वाटली, तर ती काढण्यापूर्वी एकदा विचारा: हे वजन इथे काय काम करते आहे?