दहिवर थिजले तेव्हा

‘फ्रॉस्ट’ला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न आमच्या घरी प्रथम निघाला तो अनुवादाच्या निमित्ताने. एका शेतकऱ्याच्या जुन्या इंग्रजी रोजनिशीतली काही पाने आम्ही दोघे मराठीत आणीत होतो. ऑक्टोबरातील एका नोंदीत त्याने तीनच शब्द लिहिले होते: पहिला फ्रॉस्ट पडला. ‘पहिला’ आणि ‘पडला’ लागलीच जमले. मधल्या शब्दापाशी मात्र आमचा आठवडा गेला.

‘बर्फ’ चालण्याजोगा नव्हता. फारसीत ‘बर्फ’ म्हणजे आकाशातून पडणारे हिम आणि ‘यख’ म्हणजे गोठलेले पाणी. मराठीने दोहोंसाठी एकच शब्द ठेवला, आणि तो उसाच्या रसात टाकायच्या खड्यांनाही लावला. ‘हिम’ भारदस्त आहे, पण त्यामागे लगेच हिमालय उभा राहतो. अमरकोश उघडला तर तेथे अवश्याय, नीहार, तुषार, तुहिन, हिम, प्रालेय, मिहिका अशी सारी नावे एका दमात सांगितलेली. दव, धुके, हिम यांच्या सीमारेषा आखण्याची कोशकाराला निकड वाटलेली दिसत नाही. शिवाय यांतला ‘तुषार’ मराठीत येईपर्यंत वितळला. आमच्याकडे तुषार कारंज्याचे उडतात, आणि शेतीखात्याच्या पत्रकात ‘तुषार सिंचन’ असते. महाविद्यालयात ‘ऋतुसंहार’ वाचताना हेमंताच्या पहिल्याच श्लोकात तुषार पडतो आणि कमळे नाहीशी होतात, तेव्हा कमळांवर हलकीशी भुरभुर झाली असावी असे आम्ही समजून गेलो होतो. भुरभुरीने कमळे का जावीत, हे आम्ही विचारले नाही आणि (गुरुजनांची क्षमा मागून) आम्हांला कोणी सांगितलेही नाही.

गंमत अशी की हिम आमच्या तोंडी रोज होतेच. ‘हिवाळा’ हा हिमकाळच. ‘हीव भरले’ म्हणताना आणि ‘हिवताप’ म्हणतानाही आपण हिमाचेच नाव घेतो. शब्द राहिला, वस्तू मागे पडली.

आम्ही राहतो ते इथाका हे गाव न्यूयॉर्क राज्याच्या आतल्या भागात, कयूगा सरोवराच्या दक्षिण टोकाशी आहे. सरोवर सुमारे ६१ किलोमीटर लांब, चिंचोळे आणि १३० मीटरहून अधिक खोल. उन्हाळाभर साठवलेली ऊब ते सावकाश सोडते, म्हणून काठालगतच्या उतारांवर थंडी जरा उशिरा येते आणि म्हणूनच तेथे द्राक्षांचे मळे आहेत. वर टेकडीवर, आमच्या घरापाशी, ही सवलत नाही. सप्टेंबर सरला की एखाद्या रात्री आकाश निवळते, वारा थांबतो, जमीन आपली उष्णता उघड्या आकाशाला देऊन टाकते, आणि गवताच्या पात्यावर हवेतल्या बाष्पाचे थेट स्फटिक होतात. माणसाच्या उंचीवर टांगलेला तापमापक तेव्हाही २-३ अंश दाखवीत असतो. गवत त्याच्याआधी शून्याखाली गेलेले असते. सकाळी टोमॅटोची झाडे उकडलेल्या भाजीसारखी काळी पडून लोंबतात, पण मेपलच्या गळालेल्या पानांच्या कडांना मात्र अशी बारीक पांढरी नक्षी येते की पाहत राहावे.

२०१८ च्या शरदात अशाच एका पानाचे छायाचित्र आम्ही अण्णांना पाठविले. अण्णा हे आमच्यापैकी एकाचे वडील; आता आम्हां दोघांचेही. त्यांची द्राक्षबाग निफाड तालुक्यात, गोदावरी-कादवेच्या खोऱ्यात. छायाचित्राखाली आम्ही लिहिले होते, “किती सुंदर आहे ना!” अण्णांचे उत्तर आले, “किती अंश?” आम्ही हसलो. शेतकऱ्याला सौंदर्यदृष्टी नसते वगैरे विधान आम्हांपैकी एकाने केल्याचेही स्मरते. कोणी, ते येथे सांगण्याची गरज नाही.

त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस निफाडचा पारा २ अंशांच्या आसपास उतरला. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील नोंद वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आली. सोबत गवतावर गोठलेल्या दवाची छायाचित्रे. आमच्याकडे संध्याकाळचे सहा वाजले होते, म्हणजे तिकडे पहाटेचे साडेचार. अण्णांना फोन लावला तेव्हा ते बागेतच होते. ओळींच्या मधून काडीकचऱ्याच्या शेकोट्या पेटविल्या होत्या, ठिबक सुरू केले होते; विहिरीचे पाणी हवेहून उबदार असते, तेवढाच आधार. बोलण्यापेक्षा लाकडे तडतडण्याचा आवाजच अधिक ऐकू येत होता. “ठेवा आता,” ते म्हणाले, “पलीकडची विझतीय.” ऑक्टोबर छाटणीनंतर जपलेले घड त्या आठवड्यात जागीच थांबले. मण्यांत पाणी भरण्याच्या सुमारास अशी थंडी आली की ते तडकतात. निम्म्याहून अधिक तडकले. व्यापाऱ्याने बाग पाहिली आणि दर न बोलताच गाडीत बसला. पुढच्या वर्षी त्या तुकड्यात कांदा लागला.

ते छायाचित्र आमच्या भ्रमणध्वनीत अजून आहे. त्याखालचे वाक्यही.

२०२२ च्या ऑक्टोबरात अण्णा प्रथमच आमच्याकडे आले. येऊन आठवडाही झाला नसेल. एके पहाटे त्यांची खोली रिकामी आणि मागचे दार उघडे दिसले. अण्णा अंगणात उकिडवे बसले होते, अंगावर आमची घोंगडीवजा शाल, आणि तळहात गवतावर टेकविलेला. सगळे अंगण पांढरे झाले होते.

“दहिवर थिजलंय,” ते म्हणाले. “रात्री वारा पडला, तेव्हाच मला समजलं होतं.”

तूप थिजते, तसे दहिवर थिजले. आमच्या आठवडाभराच्या कोशवाचनावर हा माणूस शालीत बसून पाणी ओतीत होता.

मग ते उठले आणि चहूकडे पाहू लागले. उजवीकडच्या शेजाऱ्यांची खिडकी अंधारी, डावीकडचीही. “कुणी शेकोटी नाही पेटवली?” त्यांनी विचारले. आम्ही सांगितले की येथे आता राखण्यासारखे काही उरलेले नाही. पिके निघाली, पाने तशीही गळायचीच आहेत. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. “मग हे नुसतंच पडतं?” त्यांच्या स्वरात नवल होते आणि आमच्या मते थोडा हेवाही होता. थिजलेल्या दहिवराकडे त्यांनी तोपर्यंत नुसते कधी पाहिले नसावे. त्या सकाळी चहा निवेपर्यंत ते पाहत राहिले.

सरोवराकाठचे मळे त्यांनी बारकाईने पाहिले. थंड हवा जड असते आणि उताराने खाली निघून जाते, हे त्यांना सांगावे लागले नाही. मळे उतारावर पाहूनच त्यांनी मान डोलावली. हिवाळ्यापूर्वी वेलीच्या कलमाच्या सांध्यावर मातीची भर घालतात, तेही पटले. पटले नाही ते एकच: आइसवाइन. काही घड मुद्दाम वेलीवर ठेवायचे आणि कडाक्याच्या थंडीची वाट पाहायची. पलीकडे कॅनडातील ऑन्टारिओत तर पारा उणे ८ अंशांवर आल्याखेरीज हे घड तोडायचे नाहीत असा नियमच आहे. मण्यातले पाणी गोठते आणि पिळल्यावर दाट गोड रस तेवढा येतो. हे सारे ऐकून झाल्यावर अण्णांनी विचारले, “आणि पैसे मिळतात?” चांगले मिळतात, असे आम्ही सांगितले. घरी येईपर्यंत ते काही बोलले नाहीत.

नोव्हेंबरात पहिले हिम पडले ते रात्री, अजिबात आवाज न करता. ते आम्ही त्यांना मोठ्या हौसेने दाखविले. हिम त्यांना सौम्य वाटले. “हे झाकतं,” एवढेच म्हणाले. आणि ते खरे आहे, हिमाच्या थराखाली मुळांना ऊब राहते. रोजनिशीच्या अनुवादात आम्ही ‘दहिवर थिजले’ असे लिहिले. मूळ तीन शब्दांत आहे आणि आमचे दोनच, पण ‘पहिले’ जोडून संख्या भरून निघाली.

अण्णा परत गेले. १८ मे २०२३ च्या पहाटे, वेलींना कोवळे फुटवे आले असताना, या भागातल्या मळ्यांवर अवेळी फ्रॉस्ट पडला आणि फुटवे जळून काळे झाले. आठवड्यानंतर आम्ही काठावर गेलो. ज्या मळ्यात अण्णा हिंडले होते, तेथल्या खालच्या ओळी आगीने होरपळल्यासारख्या दिसत होत्या. या वेळी छायाचित्र पाठविले नाही, फोनच केला.

अण्णांनी ऐकून घेतले. “आदल्या रात्री वारा पडला होता का?” त्यांनी विचारले.

आम्हांला सांगता आले नाही. त्या रात्री आम्ही झोपलो होतो.