आधी वाळत घाल, मग धू

चि. मुक्ता,



बदलापूरच्या घराची किल्ली मिळाल्याचं ताईनं सांगितलं आणि त्याच दमात, "मशीन कुठलं घ्यायचं ते मामालाच विचार म्हटलंय तिला," हेही. काल तुझ्या तीन मॉडेलांचे फोटो व्हॉट्सॲपवर आले. उत्तर तिथं मावेना, म्हणून हे पत्र. 28 वर्षं डोंबिवलीपासून कर्जतपर्यंत लोकांच्या मोऱ्यांत आणि ड्राय बाल्कन्यांत वाकून मशिनं उघडली. कंबर गेली, पण सांगण्याचा अधिकार राहिला.

तुझी तिन्ही मशिनं कपडे नीट धुतील. आजकाल धुणं सगळ्यांनाच जमतं. गिऱ्हाईक दुकानात जातं, डाग निघेल का विचारतं, किती प्रोग्रॅम आहेत ते मोजतं. धुतलेलं वाळणार कुठं हे कुणी विचारत नाही. मग जुलै उजाडतो. खुर्च्यांच्या पाठी, दारांच्या कड्या, पंख्याखालची दोरी, सगळीकडे ओल्या जीन्स लोंबत असतात आणि तिसऱ्या दिवशी त्यांना कुबट वास येतो. बिल्डर जिला ड्राय बाल्कनी म्हणतो, तिथं पावसाळ्यात रुमालही वाळत नाही. म्हणून तू उलटीकडून सुरुवात कर. आधी वाळत घाल, मग धू.

पहिला घोळ 'ड्रायर' या शब्दाचा. आपल्याकडे सेमी-ऑटोमॅटिकच्या दुसऱ्या टबला सर्रास ड्रायर म्हणतात. तो वाळवत नाही, पिळतो. गरगर फिरून पाणी भोकांतून बाहेर फेकतो, एवढंच. खरा ड्रायर गरम हवा खेळवून पाण्याची वाफ करतो. पिळणं स्वस्त, वाफ महाग. एक लिटर पाण्याची वाफ करायला नुसत्या हिशेबानंच सुमारे 0.63 युनिट वीज लागते. पाच किलो सुके कपडे धुऊन मिनिटाला 1000 फेऱ्यांनी पिळले, तर त्यांत साधारण तीन लिटर पाणी उरतं. म्हणजे जवळजवळ दोन युनिट. प्रत्यक्षात ड्रायर त्याहून जास्तच खातो. तेच 1400 फेऱ्यांनी पिळलंस तर अर्धा लिटर पाणी फुकटात गेलं. तेव्हा खोक्यावरच्या जाहिरातीत दुसरं काही वाचू नकोस, फेऱ्यांचा आकडा वाच. घरगुती टॉप लोडमध्ये तो बहुधा 700च्या आसपास असतो, फ्रंट लोडमध्ये 1000 ते 1400.

फ्रंट लोड पाणीही कमी पितं. त्यात कपडे पाण्यात बुडून राहत नाहीत. ड्रमसोबत वर जातात आणि आपटतात. आपल्या आज्या धोंड्यावर करायच्या तेच, फक्त जरा मायेनं. टॉप लोडचा गुण असा की वाकावं लागत नाही आणि राहिलेला मोजा मधेच टाकता येतो. नळाला दाब कमी असला तरी त्याचं बहुतेक भागून जातं.

दाबाचं मात्र तुला बघावंच लागेल. तू वरच्या मजल्यावर घर घेतलंस, हवा छान येते, पण गच्चीवरची टाकी तुझ्या डोक्यावर जेमतेम चार-पाच मीटर. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो, म्हणजे तुला अर्धाच किंवा त्याहून कमी. काही फ्रंट लोड मशिनांना किमान अर्धा बार लागतो, काहींचं 0.3 वर भागतं. हा आकडा माहितीपुस्तिकेत असतो. दुकानदाराला काढायला लाव. कमी पडला तर छोटा प्रेशर पंप बसव. माझ्याकडे आलेल्या 'मशीन बिघडलंय' या तक्रारींतल्या कितीतरी तक्रारींत मशीन ठणठणीत होतं आणि पाणी येत नव्हतं.

सोसायटीत बोअरचं पाणी मिसळत असतील तर तेही विचार. जड पाण्यात फेस होत नाही, साका होतो, आणि हीटरवर गिझरसारखा पांढरा थर चढतो. अधूनमधून रिकामं मशीन क्षार काढायची पावडर घालून गरम पाण्यावर फिरव. फ्रंट लोडचं दार धुणं झाल्यावर किलकिलं ठेव, नाहीतर रबराच्या घडीत बुरशी धरते. त्या घडीत मला नाणी, पिना सापडल्यात आणि एकदा सोवळ्याच्या पंच्यासोबत आलेला देवघरातला चांदीचा टाक. त्या घरी दोन दिवस चोरीचा संशय फिरत होता.

आता खरा ड्रायर. एकातच धुणारं आणि वाळवणारं मशीन तुला आवडलंय, पण ते आठ किलो धुतं आणि पाचच किलो वाळवतं. उरलेले कपडे बाहेर काढून ठेवायचे आणि पहिले वाळेपर्यंत दुसरं धुणं लावायचं नाही. वेगळा घ्यायचा तर वाफ बाहेर सोडणारा साधा ड्रायर नको. भिंतीला भोक नसलं तर तो पावसाळा घरातच आणेल. हीट पंपवाला महाग असतो, पण तो फ्रिजसारखी उष्णता पुन्हा पुन्हा वापरतो, म्हणून वीज निम्म्याच्या आसपास लागते.

माझं मत असं. आत्ता 1200 ते 1400 फेऱ्यांचं फ्रंट लोड घे. पुलीवर वर-खाली होणारा हँगर छताला लाव आणि त्याच्यावर रोख धरून भिंतीचा पंखा. कपडे उष्णतेपेक्षा वाऱ्यानं वाळतात. मशीनच्या डोक्यावर जागा आणि शेजारी 16 अँपिअरचा, चांगल्या अर्थिंगचा दुसरा पॉइंट मात्र आजच करून ठेव. एक पावसाळा काढ. तुम्ही दोघं सातच्या लोकलनं निघता आणि रात्री परतता. कपडे उलटवायला घरी कुणी नाही. नाहीच जमलं, तर पुढच्या मे महिन्यात ड्रायर घे आणि कुणी 'चोचले' म्हणालं तर माझं नाव सांग.

कारण पहिला ड्रायर तुझ्यासाठीच लागला होता. तुझा जन्म ऐन श्रावणातला, ताई माहेरी आलेली. दुपटी आणि लंगोट वाळेनात. आई शेगडीत निखारे घालायची, वर बांबूची टोपली पालथी टाकायची आणि तिच्यावर तुझे कपडे पसरायची. मी पंधरा-सोळा वर्षांचा, माझं काम टोपलीशी बसून ते उलटवायचं. एकदा पुस्तकात डोकं घातलं आणि दुपट्याला रुपयाएवढं भोक पडलं. मशिनांचा नाद तेव्हापासूनचा असेल.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. फ्रंट लोडच्या पाठीमागे वाहतुकीचे बोल्ट असतात. प्रवासात ड्रम हलू नये म्हणून. ते न काढता कुणी मशीन सुरू केलं, की ते पिळताना चालत दारापर्यंत येतं. साठ-सत्तर किलोचं धूड अंगावर येताना मी पाहिलंय. माणूस बसवायला येईल, पण घाईत असेल. डिलिव्हरीचा दिवस कळव. पाना घेऊन येतो. मी येईपर्यंत बटण दाबू नकोस.

जावईबापूंना नमस्कार.

तुझा,
मामा