लीच सरोवर: दोन मासे आणि कुटुंबाचा उन्हाळी दिवस

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात, मिसिसिपी नदीच्या उगमाकडील खोऱ्यात पसरलेले लीच सरोवर सुमारे 1,03,000 एकरांचे आहे. पश्चिमेकडील वॉकर बे हा खोल भाग वगळला तर त्याचा बहुतेक विस्तार उथळ असून, त्यात दगडी उंचवटे, वाळूचे पट्टे, लव्हाळी, पाणवनस्पतींची दाट कुरणे आणि रानतांदळाची खाचरे एकमेकांना लागून येतात. 1855 च्या तहाने ओजिब्वे लोकांसाठी जे राखीव क्षेत्र ठरले, त्यात हे सरोवर मोडते, आणि येथील रानतांदूळ व मासे हे त्या समाजाच्या अन्नव्यवस्थेचे फार जुने आधार आहेत. हिवाळ्यात गोठणारे हे पाणी उन्हाळ्यात मोकळे झाले, की राज्यभरातील कुटुंबे होड्या घेऊन येथे येतात, आणि मिनिॲपोलिसजवळ स्थायिक झालेले प्रस्तुत लेखकाचे मराठी कुटुंबही त्यांपैकीच एक आहे. या अनुभवातून ठळकपणे जाणवणारी गोष्ट अशी, की येथे कुटुंबाचा दिवस घड्याळावर चालत नाही. वॉलआय आणि नॉर्दर्न पाइक हे दोन शिकारी मासे केव्हा आणि कसे पाहतात, यावर तो बेतलेला असतो, आणि कोणत्या वयाच्या माणसाने कोणत्या वेळी होडीत बसावे हेही त्यावरूनच ठरत जाते.

वॉलआय (शास्त्रीय नाव सँडर व्हिट्रियस) हा पर्च कुळातील मासा 1965 पासून मिनेसोटाचा राज्यमासा आहे. त्याच्या डोळ्याच्या मागील बाजूस प्रकाश परावर्तित करणारा एक थर असतो. अंधारात गाईबैलांचे डोळे ज्यामुळे चमकतात त्याच प्रकारचा हा थर असून, डोळ्यात शिरलेला अंधुक प्रकाश तो दृष्टिपटलावर पुन्हा फेकतो. त्यामुळे संधिप्रकाशात किंवा गढूळ पाण्यात वॉलआयला जे दिसते, ते त्याचे मुख्य भक्ष्य असलेल्या पिवळ्या पर्चला नीटसे दिसत नाही, आणि दिवस मावळतानाचा हा थोडा काळच त्याच्या शिकारीचा काळ ठरतो. पाइक (शास्त्रीय नाव ईसॉक्स ल्युसिअस) याची रीत वेगळी आहे. लांबट अंग, चपटे तोंड, मागे वळलेले दात आणि शेपटीजवळ सरकलेला पाठीवरचा पर अशी त्याची ठेवण असते; पाणवनस्पतींच्या कडेला निश्चल दबा धरायचा आणि भक्ष्य टप्प्यात येताच एका झेपेत ते पकडायचे, यासाठीच ती घडलेली आहे. ही शिकार नजरेवर होते, म्हणून तिला उजेड लागतो. उन्हाळ्यात पाणी तापले, की मोठे पाइक खोल, थंड पाण्याकडे जातात. लहान पाइक मात्र भर दिवसाही काठच्या वनस्पतींत राहतात.

यामुळे सकाळ आणि दुपारची वेळ साहजिकच मुलांची होते. सोळा वर्षांखालील मुलांना परवान्याची गरज नसल्याने त्यांच्या हाती सरळ गळकाठी देता येते, आणि तिच्या दोरीला स्पून, म्हणजे चमच्याच्या आकाराचा, ओढताना डुलत चमकणारा धातूचा पत्रा लावलेला असतो. स्पून आणि दोरी यांच्यामध्ये पोलादी तारेचा एक वीतभर तुकडा जोडावा लागतो, कारण पाइकचे दात साधी दोरी सहज कापतात. वनस्पतींच्या कडेने स्पून फेकायचा, ओढायचा, पुन्हा फेकायचा, असे हे सतत हालचालीचे काम असल्याने चंचल मुलाचाही त्यात जीव रमतो; कित्येकदा मासा स्पूनच्या मागे मागे होडीपर्यंत येतो, मुलाला तो डोळ्यांनी दिसतो, आणि पकडला गेला नाही तरी त्याची चर्चा जेवणापर्यंत पुरते. मुलाचा पहिला मासा पाइक असावा, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे, कारण या माशाच्या बाबतीत केलेली कृती आणि मिळालेले फळ यांमधील अंतर मुलाच्या सहनशक्तीपेक्षा मोठे नसते.

संध्याकाळचे पाणी मात्र वेगळी वृत्ती मागते. जून-जुलैमध्ये या अक्षांशावर सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, त्यामुळे जेवण उरकून, दमलेल्या मुलांना काठावरच्या लाकडी घरात झोपवून मोठी माणसे दगडी उंचवट्याकडे निघतात. वाऱ्याने पृष्ठभाग किंचित खवळलेला असेल तर तो शुभ मानला जातो, कारण लाटांमुळे खाली जाणारा प्रकाश विखुरतो आणि वॉलआय उथळ पाण्यात थोडा आधीच येतो. येथे वापरतात ती जिग, म्हणजे मुंडीवर शिशाचा मणी ओतलेला गळ, आणि त्यावर आमिष म्हणून जिवंत जळू. जिग तळाला टेकवायची, थोडी उचलायची आणि पुन्हा टेकू द्यायची, एवढीच ही क्रिया असली तरी तिच्यातून तळाचे ज्ञान होते: वाळूवर शिसे मऊपणे बसते, दगडावर त्याचा टणक ठोका दोरीतून वर येतो, वनस्पतींत ते अडखळते. वॉलआयचा स्पर्शही पुष्कळदा हिसक्याचा नसतो. दोरी नुसती जड झाल्यासारखी वाटते.

हा जडपणा कुटुंबात सर्वांत आधी ओळखला तो प्रस्तुत लेखकाच्या सासूबाईंनी. देवगड परिसरात वाढलेल्या सासूबाईंनी लहानपणी खाडीच्या कातळावर बसून गरवण्याचा, म्हणजे गरी लावलेल्या दोरीने मासे धरण्याचा, उद्योग भरपूर केला होता, आणि त्या पद्धतीत काठी नसते. दोरी थेट तर्जनीवरून सोडलेली असते. होडीतही त्यांनी काठी मांडीवर ठेवून रिळाच्या पुढची दोरी बोटावर घेतली, तेव्हा खोली मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्याकडे पाहत बसलेल्या इतरांपेक्षा त्यांना तळ अधिक चांगला कळू लागला. पुढे नातवंडांनी जिग वापरण्याचे शिक्षण त्यांच्याकडूनच घेतले, आणि ज्या पाण्याशी त्यांचा पूर्वी काही संबंध नव्हता तेथे त्यांचे जुने ज्ञान असे कामी आले, याचे समाधान कुटुंबातील सर्वांनाच वाटते.

नियमांच्या बाबतीत मात्र सासूबाईंना आरंभी प्रश्न पडले, आणि ते प्रश्न रास्त होते. ठरावीक काळ मासेमारी बंद ठेवणे कोकणात अपरिचित नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून समुद्रात जाण्याची परंपरा तर कायद्यापेक्षा कितीतरी जुनी आहे. लहान मासा सोडावा, त्याला वाढू द्यावे, हेही त्यांना पटणारे होते. येथे मात्र 2018 पासून मिनेसोटाच्या उत्तर-मध्य विभागात लागू असलेला पाइकचा नियम नेमके उलट सांगतो: एका व्यक्तीला दहा पाइक ठेवता येतात, परंतु 22 ते 26 इंचांमधील प्रत्येक पाइक परत सोडलाच पाहिजे, आणि 26 इंचांहून मोठे दोनपेक्षा अधिक ठेवता येत नाहीत. म्हणजे लहान घ्यावेत आणि मधले सोडावेत. याचे कारण असे, की वर्षानुवर्षे मोठे पाइक काढले गेल्याने अनेक सरोवरांत लहान पाइकांची गर्दी झाली. ते पर्च खाऊन टाकतात, त्यामुळे वॉलआयचे अन्न घटते, आणि आपसांतील स्पर्धेमुळे ते स्वतःही वाढत नाहीत. मधल्या आकाराचे पाइक वाचले तर पुढे मोठे होऊन लहानांची संख्या आटोक्यात ठेवतील, अशी या नियमामागील भूमिका आहे. हे समजल्यावर मापपट्टी हाताळण्याचे काम सासूबाईंनी आपणहून स्वीकारले, आणि 23 इंचांचा पाइक सोडताना रडवेल्या झालेल्या नातवाला त्याचे कारण त्यांनीच मालवणीत समजावून सांगितले. स्वतः धरलेला, खाण्याजोगा, जिवंत मासा पुन्हा पाण्यात ठेवणे मुलासाठी सोपे नसते. म्हणूनच हे काम मोठ्यांनी परस्पर न उरकता मुलाच्या हातून व्हावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

लहान पाइक खावेत, अशी सरोवराची गरज असली तरी येथील अनेक लोक ते टाळतात. वॉलआयच्या पाठीची सलग, पांढरी, सौम्य चवीची तुकडी सहज निघते. पाइकच्या मांसात मात्र इंग्रजी वाय अक्षरासारखे दुभंगलेले काटे ओळीने रुतलेले असतात, आणि सराईत माणूस एका माशाच्या पाच तुकड्या करून ते वगळतो. आकाराने लहान मासा आणखी एका कारणानेही बरा: हवेतून पाण्यात उतरलेला पारा जिवाणूंच्या क्रियेने अन्नसाखळीत शिरतो आणि वयाने व आकाराने मोठ्या शिकारी माशांत अधिक साठतो, म्हणून राज्याचा आरोग्य विभाग गर्भवती स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी अधिक कडक मर्यादा सुचवतो.

काट्यांना न घाबरणारे स्वयंपाकघर अशा वेळी खरोखर उपयोगी ठरते. सासूबाई पाइकच्या तुकडीवर कातडीपर्यंत पोचणाऱ्या, परंतु ती न तोडणाऱ्या अगदी जवळजवळ चिरा देतात, त्यात आगळ, हळद, मीठ आणि तिखट चोळतात, आणि तांदळाच्या पिठात रवा मिसळून भरपूर तेलात तळतात. बारीक तुटलेले काटे त्यात कुरकुरीत होऊन दाताला जाणवत नाहीत. शेजारच्या घरातील मिनेसोटावासी कुटुंब हेच मासे सिरक्यात मुरवते, कारण आम्लाने काटे मऊ पडतात, मात्र पाइकमध्ये टेपवर्म या परजीवी कृमीच्या अळ्या असू शकतात, म्हणून मुरवण्यापूर्वी ते मासे काही दिवस पूर्ण गोठवून ठेवतात. दोन्ही घरांत आता बरण्या आणि तळलेल्या तुकड्यांची देवघेव चालते, आणि सिरक्यातल्या पाइकमध्ये तिरफळ घालून पाहण्याचा सासूबाईंचा प्रस्ताव त्या कुटुंबाने मान्य केला आहे.