मिठाचा एकेरी हिशेब

देऊळघाटला राहून मराठी शिकवताना 'निष्ठा' या शब्दाची चर्चा निघाली, की विद्यार्थ्यांच्या तोंडी पहिले नाव येते ते बाजीप्रभूंचे. 1660 ची घोडखिंड सर्वांना ठाऊक असते. हेच बाजीप्रभू आधी बांदल देशमुखांच्या चाकरीत होते, आणि ते बांदल एकेकाळी शिवाजी महाराजांच्या विरोधात होते, हे मात्र आम्हांस सांगावे लागते. मग वर्गात थोडी चुळबूळ होते. धनी बदलूनही माणूस निष्ठावंत राहतो काय?

आमच्याच जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथे लखुजीराव जाधवांची भव्य समाधी आहे. तिच्यापाशी हा प्रश्न अधिक कठोर होतो. जिजाऊंचे हे वडील निजामशाहीचे मातब्बर सरदार. मध्यंतरी ते मोगलांकडे गेले, पुढे पुन्हा निजामशाहीकडे वळले. 1629 साली दौलताबादेस दरबारात गेले असता मुर्तजा निजामशहाने त्यांची हत्या करविली. सोबतचे मुलगे व नातूही मारले गेले. इतिहास वाचताना आपण लखुजींना पक्षांतराचा जाब विचारतो. धन्याने केले ते मात्र 'राजकारण' म्हणून सोडून देतो.

भाषाही या पक्षपातात सामील आहे. चाकरासाठी नमकहराम आहे, फितूर आहे, धन्यासाठी काय? 'विश्वासघातकी' आहे खरा, पण तो दोघांनाही लागतो. मिठाला जागायचे ते खाणाऱ्याने. वाढणाऱ्यावर काही बंधन असल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

अमेरिकन तत्त्वज्ञ जोसाया रॉइस यांनी 1908 साली निष्ठेवर अख्खा ग्रंथ लिहिला. निष्ठा असते ती स्वेच्छेने पत्करलेल्या कार्यावर, आणि इतरांच्या निष्ठा उद्ध्वस्त करणारे कार्य त्याज्य, असे त्यांचे प्रतिपादन. या कसोटीवर दौलताबादचा दरबार टिकत नाही. तरीही रॉइस आम्हांस पुरते पटत नाहीत. लखुजींचे 'कार्य' कोणते म्हणावे? वतन, भाऊबंद, पदरच्या फौजेची पोटे! हे कार्य की निव्वळ व्यवहार, हा भेद सतराव्या शतकातल्या देशमुखास उमगला असता असे वाटत नाही. त्या हत्येनंतर जावई शहाजीराजांनी निजामशाही सोडली, त्यास बेइमानी म्हणायला आजही कुणाची जीभ रेटत नाही.

2022 साली राज्यातील एक मोठा पक्ष फुटल्यावर कार्यकर्त्यांकडून निष्ठेची प्रतिज्ञापत्रे लिहून घेतली गेली. नेत्याने कार्यकर्त्यास लिहून दिलेले एकही आमच्या पाहण्यात आले नाही.