नडगी मागे राहिली

सकाळी उठल्या उठल्या, चहाच्याही आधी, मनगटावर दोन बोटं ठेवून मी नाडी मोजते. हातातलं घड्याळ ते आपोआप सांगतं, पण माझा भरवसा बोटांवर. गेल्या वर्षी जानेवारीत ती ७६ होती. आता ६०च्या आसपास असते.

त्या जानेवारीत मी सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळायचं ठरवलं. वय ४४, दिवसभर बँकेत खुर्चीवर. बूट घालायचे आणि पळायचं, यात शिकायचं काय, असा माझा समज. रोज पाच किलोमीटर आणि रोज कालच्यापेक्षा जोरात. दोन महिन्यांत दम लागेनासा झाला. मग आठ केले, दहा केले, समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाटही चढून आले. मार्चअखेर डाव्या नडगीत बोटाएवढ्या जागी ठणका सुरू झाला. एक्स-रेत काही दिसेना. एमआरआयमध्ये हाडाला बारीक चीर निघाली. पळणं बंद. त्या वर्षीची शर्यतही गेली.

"हृदय तयार झालं, हाड मागे राहिलं," डॉक्टर म्हणाले. पळायला लागल्यावर पहिल्या पंधरवड्यातच रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढतो. हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलतं, मग ठोके कमी पुरतात. स्नायूंमधल्या केशवाहिन्या काही आठवड्यांत वाढायला लागतात. हाडाची तऱ्हा निराळी. ताण पडला की ते आधी स्वतःचा जुना भाग पोखरतं आणि मग सावकाश नवा भरतं. या सगळ्याला तीन-चार महिने जातात. दम लागत नाही म्हणून मी खूश होते, आणि नेमकी पोखरलेल्या हाडावर रोज जोर वाढवत होते.

बरी झाल्यावर एका प्रशिक्षकांकडे गेले. सरांनी आठवड्यातून चारच दिवस पळायला सांगितलं, तेही लाज वाटावी इतकं हळू. "मॅडम, पळता पळता गप्पा मारता आल्या पाहिजेत. वाक्य तुटलं की वेग कमी करायचा." किलोमीटरला साडेआठ मिनिटं! चढावर तर फिरायला आलेले एक आजोबा मला मागे टाकून गेले, वर "होईल हळूहळू" असा धीरही देऊन गेले. सरांचं लाडकं उदाहरण न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड यांचं. त्यांनी ८०० मीटर पळणाऱ्या पीटर स्नेललाही आठवड्याला शंभर मैल पळायला लावलं, आणि स्नेलनं १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलं. माझे आठवड्याचे किलोमीटर पंचवीस. तरी मी मान डोलवायची.

जोरात पळणं फक्त बुधवारी. दर चौथ्या आठवड्यात अंतर कमी. स्वयंपाकघराच्या पायरीवर उभं राहून, कुकरच्या शिट्ट्या मोजत टाचा उचलायच्या, पोटऱ्यांसाठी. सहा महिन्यांनी तेवढ्याच ठोक्यांत मी साडेसात मिनिटांत किलोमीटर पळायला लागले. वजन मात्र जेमतेम दीड किलो उतरलं. बारीक व्हायला पळणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं. मधेच हिमोग्लोबिन थोडं कमी आलं तेव्हा घाबरले. डॉक्टरांनी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासलं, ते ठीक निघालं. रक्तात पातळ भाग वाढला की तेवढंच हिमोग्लोबिन विरळ दिसतं.

घाटाची खरी परीक्षा उतारावर असते. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात, त्यात त्यांची बारीक मोडतोड होते. जुलैत सरांनी पहिल्यांदा यवतेश्वरहून पळत खाली आणलं, त्यानंतर तीन दिवस मी घराचा जिना कठडा धरून उलटी उतरत होते. मुलीनं व्हिडिओ काढला, तो अजून नातेवाइकांत फिरतोय. पण अशा एकदोन उतारांनंतर स्नायू सावध होतात, पुढच्या वेळी तेवढे दुखत नाहीत.

यंदा शर्यत पळाले. २ तास ४१ मिनिटं लागली, नडगीनं तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नाडी ६८ होती, आणि जिना मी सरळ तोंडानं उतरले.